नाव गावाचे, हात कुणाचे? : जागतिक प्रदर्शने, कोल्हापुरी चप्पल आणि बौद्धिक संपदेचा इतिहास

जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरात प्राडा या कंपनीने पुरुषांच्या कपड्यांचा शो केला. त्यात मॉडेल्सच्या पायात कोल्हापुरीसारख्या चपला होत्या. कंपनीने त्यांची ओळख 'चामड्याच्या सँडल' एवढीच करून दिली. कोल्हापूरचे नाव नाही, भारताचे नाव नाही. महाराष्ट्रात संताप उसळला आणि आठवडाभर आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर दोन प्रकारचे मेसेज फिरत राहिले.

पहिला मेसेज होता, "आमचा मराठी वारसा चोरला!" दुसरा आपल्याच कार्यकर्त्यांचा होता, "बाबासाहेबांनी जातीने लादलेली कामे सोडायला सांगितली. मग चपलेच्या हक्कासाठी आपण कशाला भांडायचे?" पहिल्या मेसेजमध्ये चप्पल होती, पण ती शिवणारा चर्मकार नव्हता. दुसऱ्यात चर्मकार होता, पण त्याच्या हक्काचा विचार नव्हता. दोन्ही मेसेज आम्हाला अपुरे वाटले. म्हणून या प्रश्नाचा इतिहास मांडत आहोत. प्रदर्शनात मांडलेल्या वस्तूची चोरी होऊ नये म्हणून जगाने कायदे कधी केले, कुणासाठी केले आणि कुणाला वगळले, हे समजल्याशिवाय प्राडाचे प्रकरण समजणार नाही.

'आम्ही येणार नाही' म्हणणाऱ्यांसाठी झालेला कायदा

१ मे १८५१ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये काचेच्या भव्य महालात मोठे जागतिक प्रदर्शन भरले. देशोदेशीची यंत्रे, कापड, दागिने, हत्यारे तिथे मांडली होती. ऑक्टोबरपर्यंत सुमारे साठ लाख वेळा लोकांनी त्याला भेट दिली. पण भरण्याआधीच एक अडचण उभी राहिली. संशोधकाने आपले नवे यंत्र लोकांसमोर मांडले की ते गुपित राहत नाही. कुणीही बघून तसेच बनवू शकतो, आणि वस्तू आधीच जाहीर झाली म्हणून पेटंटही हातचे जाते. यावर ब्रिटिश संसदेने त्याच वर्षी खास कायदा करून प्रदर्शनात मांडलेल्या शोधांना तात्पुरते संरक्षण दिले. दाखवा, पण दाखवल्यामुळे तुमचा हक्क जाणार नाही, असा त्याचा अर्थ.

बावीस वर्षांनी, १८७३ मध्ये, ऑस्ट्रियाने व्हिएन्नामध्ये जागतिक प्रदर्शन भरवायचे ठरवले. (याच वर्षी इकडे पुण्यात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला.) ऑस्ट्रियाच्या तेव्हाच्या कायद्यात अट होती की पेटंट मिळाल्यावर एका वर्षात ती वस्तू ऑस्ट्रियातच बनवायला सुरुवात केली पाहिजे, नाहीतर हक्क संपला. परदेशी संशोधक, विशेषतः अमेरिकन, यायला तयार होईनात. आमच्या कल्पना इथे मांडायच्या आणि तुमच्या कारखानदारांनी त्या उचलायच्या, हे त्यांना मान्य नव्हते. शेवटी ऑस्ट्रियाला नमते घ्यावे लागले. प्रदर्शनात भाग घेणाऱ्या सर्व परदेशी लोकांच्या शोधांना, व्यापारचिन्हांना आणि डिझाइनना तात्पुरते संरक्षण देणारा खास कायदा झाला. त्याच वर्षी व्हिएन्नात पेटंट सुधारणेसाठी आंतरराष्ट्रीय परिषदही भरली. तिथून सुरू झालेली चर्चा दहा वर्षांनी पॅरिसला पोचली आणि अकरा देशांनी औद्योगिक संपदेच्या संरक्षणाचा पॅरिस करार केला. त्याचे अकरावे कलम सांगते की अधिकृत आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात मांडलेल्या वस्तूंना सदस्य देशांनी तात्पुरते संरक्षण द्यावे.

या करारावर सह्या झाल्या तो दिवस होता २० मार्च १८८३. आपल्याला २० मार्च वेगळ्या कारणाने पाठ आहे. चव्वेचाळीस वर्षांनी याच तारखेला बाबासाहेब हजारो माणसे घेऊन महाडच्या चवदार तळ्यावर गेले. एका २० मार्चला युरोपातील कारखानदाराच्या कल्पनेला देशोदेशी संरक्षण मिळाले. दुसऱ्या २० मार्चला आपल्या माणसांना स्वतःच्या गावातले पाणी प्यायचा हक्क बजावण्यासाठी मोर्चा काढावा लागला, आणि त्याबद्दल मार खावा लागला. तारखा जुळल्या हा योगायोग आहे. पण एकाच काळात कुणाचा हक्क कुठे पोचला होता, याचे माप मात्र त्यातून मिळते.

व्हिएन्नाचा धडा नीट लक्षात घ्या. कायदा कुणाच्या दयेतून आला नाही. ज्यांच्याशिवाय प्रदर्शन फिके पडले असते, ते 'आम्ही येणार नाही' म्हणाले, म्हणून तो आला. नकार देण्याची ताकद असलेल्याला संरक्षण मिळाले.

ज्यांना विचारलेच नाही

आता त्याच प्रदर्शनांमधल्या भारतीय दालनाकडे वळू. १८५१ मध्ये भारतातल्या वस्तू ईस्ट इंडिया कंपनीने गोळा करून लंडनला नेल्या. त्याच महालात कोहिनूर हिराही मांडला होता. तो दोनच वर्षांपूर्वी, पंजाब खालसा करताना, एका अल्पवयीन राजाकडून घेतलेला होता. संशोधकाला चोरीपासून वाचवणारा कायदा आणि लुटीचा माल, दोन्ही एकाच छताखाली होते आणि कुणाला त्यात विसंगती दिसली नाही.

भारतीय विणकर, कुंभार, लोहार, चर्मकार यांना 'तुमची वस्तू दाखवायची का?' असे कुणी विचारले नाही. नकार द्यायला आधी कुणीतरी विचारावे लागते.

पुढची पायरी अधिक हिशेबी होती. १८६६ मध्ये जॉन फोर्ब्स वॉटसन या इंडिया ऑफिसच्या अधिकाऱ्याने भारतीय कापडाच्या ७०० नमुन्यांचे अठरा खंड तयार केले. पगडी, लुगडी, धोतर, मलमल, किनखाब, सगळ्याचे खरे तुकडे कापून पानांवर चिकटवले होते. असे वीस संच केले. तेरा संच ब्रिटनमध्ये वाटले, सात भारतात ठेवले. उद्देश उघड होता. भारतीय माणूस काय नेसतो, त्याचा पोत, रंग, काठ कसा असतो हे ब्रिटिश गिरणीवाल्यांनी बघावे, तसेच कापड यंत्रावर काढावे आणि भारतात विकावे. फोर्ब्स वॉटसनने या संचांना फिरती संग्रहालये मानले होते. आजच्या भाषेत बोलायचे तर ती सरकारी खर्चाने तयार केलेली नक्कल करण्याची वही होती.

त्या नमुन्यांसोबत माहिती काय दिली? लांबी, रुंदी, वजन, किंमत आणि कापड कुठे विणले किंवा कुठून घेतले त्या जागेचे नाव. विणणाऱ्याचे नाव नाही. गाव नोंदले गेले, माणूस गळला. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१८८६ मध्ये लंडनला वसाहतींचे आणि भारताचे प्रदर्शन भरले. तिथे वस्तूंबरोबर चौतीस भारतीय कारागीर 'जिवंत' मांडले होते. ते बसून गालिचे विणत, भांडी घडवत आणि प्रेक्षक बघत. यातले बरेचसे आग्र्याच्या तुरुंगात कारागिरी शिकलेले कैदी होते. त्यांना घेऊन येणारा अधिकारी हा त्याच तुरुंगाचा अधीक्षक होता. पिढीजात कारागीर म्हणून ज्यांना मिरवले, ती माणसे कैदेत काम शिकलेली होती. पॅरिस करार होऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती आणि ब्रिटन त्यात सामीलही झाला होता. अमेरिकन संशोधक प्रदर्शनात हक्कदार म्हणून उभा राहत होता आणि भारतीय कारागीर प्रदर्शनातली वस्तू म्हणून.

कागद असेल तर चोवीस तासांत न्याय

आजच्या व्यापारी मेळ्यांमध्ये ही संरक्षणाची यंत्रणा खूप पुढे गेली आहे. स्वित्झर्लंडमधील बासेलच्या घड्याळ आणि दागिन्यांच्या मेळ्यात १९८५ पासून तज्ज्ञांचे मंडळ बसत असे. एखाद्या स्टॉलवर आपल्या डिझाइनची नक्कल दिसली की तक्रार करायची, मंडळ चोवीस तासांत निर्णय देई. जर्मनीत फ्रँकफर्टसारख्या मेळ्यांमध्ये न्यायालयाचा मनाई हुकूम घेऊन मेळा चालू असतानाच वस्तू स्टॉलवरून हटवता येते. चीनने २००६ मध्ये नियम करून मोठ्या प्रदर्शनांत तक्रार कक्षाची सोय केली. भारतातही तरतुदी आहेत. पेटंट कायदा १९७० च्या कलम ३१ नुसार सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात शोध दाखवला तरी बारा महिन्यांच्या आत अर्ज करता येतो. डिझाइन कायदा २००० च्या कलम २१ नुसार आधी नियंत्रकाला सूचना दिली असेल तर सहा महिन्यांच्या आत डिझाइन नोंदवता येते.

पण या सगळ्या दारांवर एकच पहारेकरी उभा आहे. तो विचारतो, "कागद कुठे आहे?" तक्रार ऐकली जाते ती पेटंट, डिझाइन किंवा व्यापारचिन्हाची नोंद असलेल्याची. आता कोल्हापुरी चप्पल घ्या. डिझाइन नोंदवायला ते नवे असावे लागते, आणि ही चप्पल पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. पेटंट मागायचे तर पेटंट कायद्याचे कलम ३ परंपरागत ज्ञानाला शोध मानतच नाही. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडे कमावणे, खिळा न मारता तळ शिवणे, कातड्याची वेणी घालणे, कान आणि पट्टा बेतणे, हे सगळे ज्ञान आहे. ते वर्षानुवर्षे चुका करत, सुधारत मिळवले आहे. पण एका नावावर, एका तारखेला, कागदावर लिहिले गेले नाही म्हणून कायद्याच्या नजरेत ते कुणाचेच नाही. आणि जे कुणाचेच नाही, ते कुणीही उचलावे.

आपण स्वतःला विचारू या, हे कागदावर का आले नाही? ज्यांना हजारो वर्षे अक्षराला शिवू दिले नाही, त्यांच्याकडेच कायदा लेखी पुरावा मागतो. परंपरागत ज्ञानाला इथे दोन मालक मिळाले. पोथीत लिहिलेले ज्ञान 'शास्त्र' झाले आणि लिहिणाऱ्या जातीची प्रतिष्ठा वाढली. हातात साठलेले ज्ञान 'हलके काम' ठरले आणि करणाऱ्या जातीवर विटाळाचा शिक्का बसला. बौद्धिक संपदा या शब्दातला 'बौद्धिक' कोण, हे आपल्याकडे जातीने आधीच ठरवून ठेवले होते.

जीआय म्हणजे काय मिळाले?

यावर उपाय म्हणून भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, पुढे केले जाते. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेबरोबर ट्रिप्स करार आला. भारताने १९९९ मध्ये जीआय कायदा केला आणि तो २००३ मध्ये लागू झाला. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला जीआय मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांचे ते संयुक्त मानांकन आहे. नोंदणीकृत मालक आहेत दोन सरकारी महामंडळे, महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकचे डॉ. बाबू जगजीवन राम यांच्या नावाचे चर्मोद्योग महामंडळ.

प्राडाविरुद्ध काही वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली तेव्हा जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. जीआयचे नोंदणीकृत मालक न्यायालयात येऊ शकतात, तुम्ही कोण, हा मुद्दा होता. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. शिवाय जीआयची नोंद भारतातली, मिलानमध्ये तिचा थेट अंमल नाही. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने याच दोन महामंडळांशी करार केला आणि महाराष्ट्र-कर्नाटकात २,००० जोड बनवून घेण्याचे जाहीर केले. एका जोडाची किंमत सुमारे ८०० युरो. आरडाओरडा झाला नसता तर हेही झाले नसते, हे आम्ही मान्य करतो.

तरीही जीआयचा सांगाडा तपासला पाहिजे. फोर्ब्स वॉटसनच्या वहीत कापडाला गावाचे नाव होते, विणकराचे नव्हते. जीआयमध्येही संरक्षण मिळते ते गावाच्या नावाला. कोल्हापूर हे नाव सुरक्षित झाले. कातडे कमावणारा ढोर समाज, चप्पल बेतणारा आणि शिवणारा चर्मकार, घरात बसून वेणी घालणाऱ्या आणि बारीक शिवण करणाऱ्या बायका यांच्यापर्यंत हक्क तेव्हाच पोचतो जेव्हा ते 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतंत्र नोंद करतात. ही नोंद न केलेला कारागीर जीआयच्या यादीत नाही. व्यापाऱ्याने मात्र नोंद केली असेल तर 'अस्सल कोल्हापुरी'चा शिक्का त्याच्याकडे असू शकतो.

आणखी एक गोष्ट. जीआय कायद्याचे कलम २४ सांगते की हा हक्क विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, दुसऱ्याला वापरायला देता येत नाही. अधिकृत वापरकर्ता मेला तर तो त्याच्या वारसाकडे जातो. गावाचे नाव पैसेवाल्याने विकत घेऊन पळवू नये म्हणून ही तरतूद आहे आणि तो हेतू योग्य आहे. पण विकता येत नाही, गहाण पडत नाही, फक्त वारसाकडे जाते, असे काही ऐकले की आपल्याला महार वतन आठवल्याशिवाय राहत नाही. ज्या वतनाने माणसाला गावकीच्या कामाला बांधले, ते मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणले होते. जीआय म्हणजे वतन, असे आम्ही म्हणत नाही. वतनात सक्ती होती, जीआयमध्ये नाही. त्या आठ जिल्ह्यांत नियमाप्रमाणे चप्पल बनवणारा कोणत्याही जातीचा माणूस नोंद करू शकतो. आमचा इशारा एवढाच आहे की 'वारसा' या गोड शब्दाखाली चर्मकाराच्या पोराने चर्मकारच राहावे अशी अपेक्षा लपवली जाऊ नये.

मग भांडायचे की सोडायचे?

आता आपल्या कार्यकर्त्यांच्या प्रश्नाकडे येऊ. 'जातिसंस्थेचे निर्मूलन' मध्ये बाबासाहेबांनी दाखवून दिले की जात ही नुसती कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच उतरंडीत केलेली वाटणी आहे. महाडच्या परिषदेतही त्यांनी अपमानाची कामे टाकून द्यायला सांगितले. मग चपलेचा अभिमान कशाला?

आमच्या मते इथे दोन गोष्टींची गल्लत होते. बाबासाहेबांचा विरोध सक्तीला होता, अपमानाला होता, मोबदल्याशिवाय राबवण्याला होता. कौशल्यावर मालकी सांगायला त्यांचा विरोध नव्हता. जो माणूस काम सोडतो त्याने आपल्या पूर्वजांच्या ज्ञानावरचा हक्कही फुकट सोडून द्यावा, असे कुठे ठरले आहे? जमीनदाराचा मुलगा शेती सोडून अमेरिकेला जातो तेव्हा सातबाऱ्यावरचे नाव खोडून जात नाही. मग चर्मकाराचा मुलगा इंजिनीअर झाला म्हणून त्याच्या आजोबांच्या कारागिरीचा नफा मिलानच्या दुकानाने का खावा?

२०१६ मध्ये गुजरातमधील उना इथे मेलेल्या गायीचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना बांधून मारले. त्यानंतर झालेल्या आंदोलनात लोकांनी मेलेली जनावरे उचलणे बंद केले आणि सरकारकडे जमीन मागितली. हा खरा आंबेडकरी हिशेब आहे. सोडण्याचा हक्कही हवा आणि सोडल्यावर उभे राहायला पायाखाली काहीतरी हवे. कातड्याचे काम केले म्हणून मारायचे, आणि त्याच कातड्याची चप्पल मिलानला दिसली की 'आमचा वारसा' म्हणून मिरवायचे, ही दुटप्पी अस्मिता आपण नाकारली पाहिजे. ज्याच्या हाताला शिवत नाही, त्याच्या हातच्या वस्तूला 'आमची' म्हणण्याचा अधिकार कुणी दिला?

म्हणून 'भांडायचे की सोडायचे' हा प्रश्नच चुकीचा वाटतो. करायचे की नाही हे कारागिराने ठरवायचे, आणि केलेल्याचे मोल त्याला मिळायचे. या दोन्ही गोष्टी मिळून स्वातंत्र्य होते.

आपण काय करू शकतो?

इतिहास वाचून हळहळणे पुरेसे नाही. काही कामे आपल्या हातात आहेत.

एक, अधिकृत वापरकर्त्याची नोंद. २०२० च्या दुरुस्तीने या नोंदीचे शुल्क ५०० रुपयांवरून १० रुपये केले. अडसर पैशाचा कमी आणि माहितीचा जास्त आहे. त्या आठ जिल्ह्यांतल्या आपल्या कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत बसून अर्ज भरून द्यावेत. जातीचा दाखला काढून देताना जी चिकाटी दाखवतो, तीच इथे दाखवायची आहे. आणि अर्जावर घरातल्या बाईचे नावही लावायचे आहे.

दोन, नवे डिझाइन. जुनी कोल्हापुरी डिझाइन म्हणून नोंदवता येत नाही, पण एखाद्या कारागिराने केलेली नवी वेणी, नवा आकार नोंदवता येतो. मात्र प्रदर्शनात मांडण्याआधी आणि फोटो इंस्टाग्रामवर टाकण्याआधी अर्ज करायचा. आधी नोंद, मग प्रदर्शन, हे प्रत्येक बचत गटाच्या भिंतीवर लिहून ठेवावे.

तीन, महामंडळांना हिशेब विचारणे. मालक म्हणून त्यांचे नाव आहे ते कारागिरांच्या वतीने. परदेशी कंपनीशी करार झाला तर मजुरी किती, काम कुणाला, कारागिराचे नाव कुठे लागणार, हे माहिती अधिकारात विचारता येते. विचारायला हवे.

चार, युरोपमधील नोंद. १ डिसेंबर २०२५ पासून युरोपीय संघात हस्तकलेच्या वस्तूंनाही भौगोलिक मानांकन नोंदवण्याची सोय झाली आहे आणि संघाबाहेरचे उत्पादकही अर्ज करू शकतात. मिलानमध्ये आपला हक्क चालवायचा असेल तर ही वाट आहे. महामंडळांनी ती धरावी म्हणून दबाव आणणे हे आपले काम.

१८७३ मध्ये अमेरिकन संशोधक 'येणार नाही' म्हणू शकले कारण त्यांच्यामागे संघटना होती, सरकार होते, कायद्याची जाण होती. आपल्या कारागिराला दीडशे वर्षे कुणी विचारले नाही, म्हणून त्याला नकारही देता आला नाही. पुढच्या वेळी एखादी कंपनी, एखादा मेळा त्याच्या दारात येईल, तेव्हा त्याच्या हातात कागद असावा आणि तोंडात दोन्ही शब्द असावेत, 'हो' सुद्धा आणि 'नाही' सुद्धा. चपलेवर गावाचे नाव आले आहे. आता माणसाचे नाव यायला हवे.

जय भीम! जय संविधान!